टीकाकाराला आत घेताना : मॅकडोनाल्ड्स आणि ईडीएफ यांच्या १९९० च्या कराराचा प्रकरण अभ्यास

भागीदार निवडायचा म्हटलं की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. आपल्याकडे नाही असं काय त्याच्याकडे आहे? आणि त्याचं आपलं जमेल का? पहिल्या प्रश्नाला पर्याय नाही. दुसरा मात्र, पर्यावरणाशी संबंधित कामात तरी, मला अनेकदा घातक वाटतो. पहिल्या भेटीतच सूर जुळला, की पुढे काम चुकीच्या दिशेला चाललं तरी "हे चुकतंय" म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. म्हणून हे प्रकरण घेतलं. इथे मॅकडोनाल्ड्सने, जिच्याशी जमण्याची शक्यता सगळ्यात कमी होती अशा ईडीएफ या पर्यावरण संस्थेशी हातमिळवणी केली, आणि जमणार नाही हे धरूनच करारनामा लिहिला.

परिस्थिती

१९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कचरा हा राजकीय प्रश्न झाला होता. १९८७ मध्ये 'मोब्रो ४०००' नावाचा एक तराफा न्यूयॉर्कजवळच्या आयस्लिप गावाचा ३,००० टनांहून जास्त कचरा घेऊन निघाला. एकामागून एक बंदरांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. मेक्सिको आणि बेलीझपर्यंत भटकून तो कचरा परत आला आणि शेवटी ब्रुकलिनमध्ये जाळावा लागला. रोज संध्याकाळी दूरचित्रवाणीवर हा तराफा दिसत होता. आपण टाकलेलं कुठेतरी जातं आणि ते 'कुठेतरी' आता भरत आलंय, हे लोकांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

लोकांच्या रागाला चेहरा लागतो, आणि तो मिळाला फोमच्या, म्हणजे थर्मोकोलसारख्या हलक्या प्लॅस्टिकच्या डब्याच्या रूपाने. शिंपल्यासारखा उघडणारा, बर्गर गरम ठेवणारा, हातात घेतला तर वजनच न जाणवणारा हा डबा मॅकडोनाल्ड्सने १९७० च्या दशकाच्या मध्यावर स्वीकारला होता. गंमत अशी की तो निर्णयही पर्यावरणाचं नाव घेऊनच झाला होता. पुठ्ठ्यापेक्षा प्लॅस्टिक बरं, असा निष्कर्ष स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या अभ्यासाने काढला होता. पुढे फोम फुगवायला वापरल्या जाणाऱ्या सीएफसी वायूंमुळे ओझोनचा थर विरळ होतो हे पुढे आल्यावर १९८७ मध्ये कंपनीने ते वायू वापरणं थांबवायचं जाहीर केलं. तरी राग ओसरला नाही. नागरिक संघटनांनी 'मॅकटॉक्सिक्स' नावाची मोहीम काढली. शाळकरी मुलं वापरलेले डबे टपालाने कंपनीच्या मुख्यालयात परत पाठवू लागली.

कंपनी हातावर हात ठेवून बसली नव्हती. न्यू इंग्लंडमधल्या काही रेस्टॉरंटांमध्ये फोम वेगळा गोळा करून रिसायकल करण्याचा प्रयोग चालू होता. प्लॅस्टिक बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी १९८९ मध्ये एकत्र येऊन फोमच्या रिसायकलिंगसाठी स्वतंत्र कंपनीच काढली होती. म्हणजे तयार भागीदार दारात उभा होता. पैसा त्याचा, यंत्रं त्याची, तंत्रज्ञान त्याचं.

कोणाला निवडायचं?

इथे थांबून कंपनीच्या जागी बसून बघण्यासारखं आहे.

प्लॅस्टिकवाले सोबत घेतले असते तर काम लगेच सुरू झालं असतं. पण त्यांचा धंदा फोम विकण्याचा. "फोम हवाच कशाला?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून येणं शक्य नव्हतं. त्यांच्या उत्तराची दिशा आधीच ठरलेली होती : फोम राहील, त्याचं पुढे काय करायचं ते बघू. पगारी सल्लागार घेतला असता तर अहवाल मिळाला असता, त्यावर विश्वास मात्र कुणी ठेवला नसता, कारण बिल कोण भरतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्याच पुरवठादारांना विचारलं असतं तर त्यांनी गिऱ्हाइकाला आवडेल तेच सांगितलं असतं.

राहिली विरोधकांची बाजू. तिथे एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड, म्हणजे ईडीएफ, ही संस्था होती. डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध न्यायालयात उभ्या राहिलेल्या लोकांनी १९६७ मध्ये ती स्थापन केली. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली त्यात तिचा मोठा वाटा. खटला भरणं हीच तिची ओळख. पण तिच्याकडे वकिलांबरोबर शास्त्रज्ञ, अभियंते आणि अर्थतज्ज्ञही पूर्णवेळ कामाला होते, आणि घनकचरा हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९८४ पासून संस्थेची सूत्रं सांभाळणारे फ्रेड क्रप यांचं म्हणणं असं की विरोध करणाऱ्यांनी पर्यायही शोधला पाहिजे, आणि तो धंद्याला परवडणारा असला पाहिजे. १९८९ मध्ये त्यांनीच कंपनीशी संपर्क साधला. वर्षभर बोलणी चालली आणि ऑगस्ट १९९० मध्ये करार झाला.

मला यातली क्षमतेची जुळणी फार नेमकी वाटते. ईडीएफला कचऱ्याचं शास्त्र कळत होतं. पण एका कंपनीने खरेदीची अट बदलली की शेकडो पुरवठादारांची यंत्रं बदलतात, ही ताकद तिच्याकडे कधीच येणार नव्हती. कंपनीकडे ती ताकद होती. एकट्या अमेरिकेत तिची आठ हजारांवर रेस्टॉरंटं होती. मात्र ती ताकद कुठे लावायची याचं भान तिला नव्हतं, आणि तिच्या शब्दावर बाहेर कुणाचा विश्वास नव्हता. दोघांकडे जे कमी होतं ते विकत घेता येण्यासारखं नव्हतं.

दोघांनाही या नात्यात गमावण्यासारखं काही होतं, हेही विसरायला नको. ईडीएफने नाव विकलं असं एकदा ठरलं असतं तर देणगीदार आणि इतर संघटना दुरावल्या असत्या. कंपनीने टीकाकाराला स्वयंपाकघरात घेतलं आणि त्याने बाहेर जाऊन सगळं उघडं केलं असतं तर होती ती पतही गेली असती.

करारनामा

या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा आहे, म्हणून जरा सावकाश.

पहिली अट पैशाची. ईडीएफ कंपनीकडून एक डॉलरही घेणार नाही. दोघांनी आपापला खर्च सोसायचा. वरवर ही साधी गोष्ट वाटते, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. पैसे घेणारा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी कठोर वाक्य लिहिताना त्याचा हात क्षणभर थबकतो, आणि समजा नाही थबकला, तरी तो थबकला नसेल यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

दुसरी अट निघून जाण्याची. काम पुढे सरकत नाही असं वाटलं तर कोणत्याही बाजूने केव्हाही करार मोडावा. तिसरी मतभेदाची : एखाद्या मुद्द्यावर एकमत झालं नाही, तर अंतिम अहवालात दोघांची मतं वेगवेगळी छापायची. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. एकमत झालंच पाहिजे असं बंधन असलं की दोन्ही बाजू घासाघीस करून असं एक गुळमुळीत वाक्य काढतात ज्यावर कुणाचाच आक्षेप नसतो आणि ज्यातून काहीच निष्पन्न होत नाही. मतभेद छापायची सोय असली की तो छापण्याची वेळ येऊ नये म्हणून माणसं पुरावे शोधतात.

चौथी अट नावाची. ईडीएफच्या लेखी परवानगीशिवाय कंपनीने जाहिरातीत या सहकार्याचा उल्लेख करायचा नाही. शिवाय ईडीएफची कंपनीवर टीका करायची मोकळीक कायम.

आणि पाचवी, जी वाचताना मी दोनदा थांबलो : या कामासाठी नेमलेल्या संयुक्त कृती गटातल्या ईडीएफच्या सदस्यांनी किमान एक दिवस रेस्टॉरंटात काम करायचं.

कृती गट सात जणांचा होता. कंपनीचे चार, ईडीएफचे तीन. रेस्टॉरंट चालवण्याची पद्धत ज्याला आतून माहीत आहे असा माणूस कंपनीच्या चौघांत होता. नुसते जनसंपर्कवाले पाठवले असते तर गोष्ट तिथेच संपली असती.

काउंटरच्या आत

ऐन गर्दीच्या वेळी काउंटरमागे उभं राहिलं की काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. बर्गर गुंडाळायला मिळतात ते काही सेकंद. डबा एका हाताने उघडतो आणि मिटतो. कागद घडी घालून गुंडाळावा लागतो. ज्या बदलाला पाच सेकंद जास्त लागतात तो तिथे टिकणार नाही, कागदावर तो कितीही हिरवा असो. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला हे एका दिवसात हाताला कळतं. एरवी त्यासाठी महिनाभर बैठका कराव्या लागल्या असत्या, आणि मग "तुम्हाला आमची अडचण कळत नाही" हे वाक्य दर बैठकीत आलं असतं.

पण गटाला आत सापडलेली मोठी गोष्ट वेगळीच होती. रेस्टॉरंटातला कचरा मोजला तेव्हा त्यातला सुमारे ८० टक्के काउंटरच्या आत तयार होत असल्याचं दिसलं. माल येतो ती पुठ्ठ्याची खोकी, स्वयंपाकघरातला ओला कचरा, आतली वेष्टनं. गिऱ्हाइकाच्या हातात पडून मग कचरापेटीत जाणाऱ्या वस्तू उरलेल्या सुमारे २० टक्क्यांत. सगळा देश ज्या डब्यावर भांडत होता तो या २० टक्क्यांतला एक तुकडा.

ही मोजणी ना विरोधकांनी एकट्याने केली असती, ना कंपनीने. विरोधकांना आत प्रवेश नव्हता. कंपनीला बाहेरच्या आरड्याओरड्यामुळे डब्यापलीकडे बघायला सवड नव्हती. संयुक्त कामातून नवं काही निघतं असं आपण सहज म्हणतो. ते निघतं म्हणजे काय, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. प्रश्नाची जागाच बदलली.

ऑक्टोबरअखेरचे दिवस

करार होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. कंपनी फोमच्या रिसायकलिंगचा कार्यक्रम देशभर नेण्याची घोषणा करायच्या बेतात होती. तयारी झाली होती, त्यामागे खर्च झाला होता, आणि फोम उद्योग आनंदात होता.

ईडीएफचा याला विरोध होता. त्यांचं म्हणणं साधं होतं : आधी कचरा कमी करा, मग पुन्हा वापरा, आणि हे दोन्ही जमलं नाही तर रिसायकल करा. शिवाय अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईक खाणं बाहेर घेऊन जात होतं. तो डबा गाडीत, घरी, रस्त्यावर जाणार. रेस्टॉरंटातल्या वेगळ्या पेटीत तो येणार कसा? आणि जे फोम गोळा होत होतं त्यातही अन्नाचे अवशेष, कागद, बाकीचा कचरा मिसळलेला. क्रप यांनी कंपनीच्या अमेरिकेतल्या कारभाराचे अध्यक्ष एड रेन्सी यांना हे स्पष्ट सांगितलं.

१ नोव्हेंबर १९९० रोजी घोषणा झाली, ती मात्र उलटी. फोमचे डबे बंद. त्यांच्या जागी पातळ थरांचा कागदी वेष्टनपट्टा, ज्याने वेष्टनाचं आकारमान ७० ते ९० टक्क्यांनी घटणार होतं.

करारातल्या अटी नुसत्या कागदावर होत्या की जिवंत होत्या, त्याची परीक्षा या काही दिवसांत झाली. ईडीएफ पैसे घेत असती, किंवा तिला उठून जायची मोकळीक नसती, तर तिने काय केलं असतं? कदाचित हेच केलं असतं. पण तिच्या 'नाही'ला वजन होतं ते तिच्यापाशी निघून जायचा रस्ता मोकळा होता म्हणून. तिने पाठ फिरवली असती तर रिसायकलिंगची घोषणा दुसऱ्या दिवशीच पोकळ ठरली असती, हे रेन्सींना सांगायची गरज नव्हती.

निर्णय निर्विवाद होता असं नाही. कागदाचं हे वेष्टन रिसायकल करण्याजोगं नव्हतं. फोम उद्योगाने कंपनी लोकांच्या दडपणापुढे वाकली असं म्हटलं. पुढच्याच वर्षी मार्टिन हॉकिंग या रसायनशास्त्रज्ञाचा एक लेख 'सायन्स' नियतकालिकात आला. कागदी आणि फोमच्या पेल्यांची तुलना करून त्यांनी, कच्चा माल आणि ऊर्जा धरली तर फोम काही वाईट ठरत नाही, असं मांडलं. त्यांची तुलना पेल्यांची होती आणि इथे जाड डब्याच्या जागी पातळ वेष्टन आलं होतं, त्यामुळे ती जशीच्या तशी लागू होत नाही. तरी कागद म्हणजे आपोआप चांगला, ही समजूत त्यांनी मोडली ते बरंच झालं.

अहवाल आणि त्यानंतर

एप्रिल १९९१ मध्ये अहवाल आला, ४२ उपायांचा. बातम्या डब्याच्याच झाल्या होत्या. काम मात्र या कंटाळवाण्या वाटणाऱ्या यादीने केलं. पुठ्ठ्याची खोकी वेगळी काढून रिसायकलिंगला देणं. पुरवठादारांनी खोक्यांत रिसायकल केलेला पुठ्ठा वापरणं. हात पुसायचे कागदी रुमाल आकाराने थोडे लहान करणं. पांढऱ्या पिशव्यांच्या जागी क्लोरीनने न धुतलेल्या तपकिरी पिशव्या. यातला प्रत्येक बदल इतका किरकोळ की एका दुकानात त्याने काहीच फरक पडला नसता. आठ हजारांनी गुणलं की मात्र कागद गिरणीचं उत्पादन बदलतं.

ईडीएफने दहा वर्षांनी मांडलेला हिशेब असा : वेष्टनांत ३० कोटी पौंडांची, म्हणजे सुमारे १ लाख ३६ हजार टनांची घट, १० लाख टन पुठ्ठ्याचं रिसायकलिंग, रेस्टॉरंटांतल्या कचऱ्यात ३० टक्के घट, आणि कंपनीची वर्षाला सुमारे ६० लाख डॉलरची बचत. हा शेवटचा आकडा नसता तर बाकीचे आकडे दहा वर्षं टिकले नसते, असं मला वाटतं.

अहवाल सगळ्यांसाठी खुला होता, प्रतिस्पर्ध्यांसाठीही. गुप्त ठेवला असता तर कंपनीला थोडा फायदा झाला असता आणि ईडीएफच्या दृष्टीने सगळं वाया गेलं असतं. भागीदारांपैकी एकाचं उद्दिष्ट संपूर्ण उद्योग बदलणं हे असेल, तर निष्कर्ष कोणाच्या मालकीचे हा प्रश्न पहिल्या बैठकीतच सोडवून टाकावा लागतो.

हाच साचा ईडीएफने २००० मध्ये फेडेक्स या पार्सल पोहोचवणाऱ्या कंपनीबरोबर वापरला. या वेळी विषय होता माल पोहोचवणाऱ्या ट्रकचा : इंधनाची कार्यक्षमता ५० टक्क्यांनी वाढवायची आणि धुरातले कण ९० टक्क्यांनी कमी करायचे. पैसे न घेण्याची अट तशीच. एक भर मात्र महत्त्वाची होती. हे दोघे मिळून ट्रक बनवू शकत नव्हते, म्हणून त्यांनी आधी उद्दिष्टं आकड्यांत ठरवली आणि मग उत्पादकांना स्पर्धेला बोलावलं. ईटन कंपनीची हायब्रिड यंत्रणा निवडली गेली आणि २००४ मध्ये पहिले ट्रक रस्त्यावर आले. तिसरा भागीदार कोण, याचा निवाडा आकड्यांनी केला.

जिथे हात पोहोचला नाही

या सहकार्याचं कौतुक करताना त्याची हद्द दाखवणंही माझं काम आहे. काही पर्यावरण संघटनांनी तेव्हाच विचारलं होतं की एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर उभा असलेला धंदा थोडा कमी फेकू लागला, यात आनंद कसला? प्रश्न रास्त होता. कृती गटाने धुऊन वापरायच्या भांड्यांचाही विचार केला होता. ती काउंटरवर आली नाहीत. भागीदार जेवढं देऊ शकतो तेवढंच सहकार्यातून निघतं, आणि धंद्याचा मूळ घाटच बदलायला कंपनी तयार नव्हती.

फोमचंही तेच. डबे गेले, गरम पेयांचे फोमचे पेले अमेरिकेत राहिले. ते हलले ते अ‍ॅज यू सो या संस्थेने २०११ मध्ये भागधारकांच्या सभेत ठराव मांडल्यानंतर. २०१३ मध्ये कंपनीने तिथे कागदी पेले आणायचं जाहीर केलं. म्हणजे एका मित्राने उठवलेली वस्तू आणि एका मतपेटीने उठवलेली वस्तू यांत वीसेक वर्षांचं अंतर. तरीही मी ईडीएफला दोष देणार नाही. तिने जे हातात घेतलं ते पूर्ण केलं, आणि उरलेल्या गोष्टींसाठी बाहेरून टीका करायची मुभा करारातच राखून ठेवली होती.

धुऊन वापरायच्या भांड्यांचा मुद्दा शेवटी कायद्याने सोडवला, तोही अमेरिकेत नाही. १ जानेवारी २०२३ पासून फ्रान्समध्ये २० किंवा त्याहून जास्त जणांना बसवू शकणाऱ्या रेस्टॉरंटांना, आत बसून खाणाऱ्यांसाठी धुऊन पुन्हा वापरायची भांडी ठेवणं बंधनकारक झालं. तिथल्या मॅकडोनाल्ड्समध्ये आता बटाट्याचे तळलेले काप लाल रंगाच्या टणक पेल्यात येतात. तो पेला टेबलावरून परत काउंटरच्या आत जातो, धुतला जातो, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा भरला जातो.